लाइन: जवसाच्या दोरीपासून रात्रीच्या मोटारीपर्यंत

परभणी जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न: "सर, सराव पेपरातल्या उताऱ्यात 'शी ड्रॉज द लाइन ॲट लाइंग' असं वाक्य होतं. मी 'ती खोटं बोलताना रेघ ओढते' असं समजले आणि त्यावरचे दोन्ही प्रश्न चुकले. कोश उघडला तर लाइनखाली तीसच्या वर अर्थ. हे सगळे पाठ करायचे का? आमच्या आजोबांना एकच अर्थ माहीत आहे. लाइन आली का गेली, एवढाच."

लातुरात इंग्रजी शिकवून मला 28 वर्षं झाली. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, फक्त शब्द बदलतो. कधी गेट, कधी टेक, कधी सेट. यंदा लाइन निघाली हे बरं झालं, कारण या शब्दाची जन्मकथा आपल्या ताटातली आहे.

आधी पाठांतराचं सांगतो: करू नकोस. त्याला अंत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी 'रन' या एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले, आणि पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिने त्या एका शब्दावर बसून होते. ज्याला त्याचाच पगार मिळतो त्याला नऊ महिने लागले, तू एका रात्रीत कशाला जीव काढतेस?

आता जवस. रब्बीत तुमच्याकडंही कुणाच्या तरी रानात निळ्या फुलांचा पट्टा दिसत असेल. आपण जवसाची चटणी कुटतो, भाकरीवर तेल टाकून खातो आणि विषय संपतो. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव 'लायनम युसिटॅटिसिमम', म्हणजे अतिशय उपयोगाचं जवस. यातलं लायनम म्हणजे लॅटिनमधलं 'लिनम'. युरोपात जवसाची उंच, कमी फांद्यांची जात धाग्यासाठी लावत. काड्या पाण्यात कुजवायच्या, झोडपायच्या, विंचरायच्या, मग आतला चिवट तंतू निघतो. त्याची दोरी वळली की ती झाली 'लिनिया'. लिनियाची इंग्रजीत लाइन झाली. त्याच धाग्याचं कापड ते लिनन, त्याच्या बिया म्हणजे लिनसीड. क्रिकेटच्या नव्या बॅटला पोरं जे तेल पाजतात ते लिनसीड ऑइल म्हणजे आपलं जवसाचंच तेल. आपल्याकडची जात बुटकी, फांद्या फुटणारी, तेलाची. म्हणून आपल्याला जवसातली चटणी दिसते, दोरी दिसत नाही.

तर लाइन म्हणजे मुळात रेघ नव्हे. लाइन म्हणजे ताणलेली दोरी. ही एवढी गोष्ट डोक्यात बसली की तीसपैकी वीस अर्थ आपोआप उलगडतात.

मला हे कोशात वाचून कळलं नाही. घराचं बांधकाम काढलं होतं तेव्हा कळलं. मिस्त्रीनं भिंतीच्या दोन्ही टोकांना एकेक वीट बसवली, दोन खिळ्यांना दोरी गुंडाळली, करकचून ताणली आणि बोटानं टण्‌ करून वाजवून बघितली. त्या दोरीला तो म्हणायचा 'लाइनदोरी'. एकाच गोष्टीची दोन नावं जोडून केलेला शब्द! त्याचा नवा पोरगा विटा दोरीला टेकवून लावत होता. मिस्त्री ओरडला, "दोरीला ढकलू नको रे! नख जाईल एवढी फट ठेव. एक वीट टेकली की दोरी बाहेर जाती, मग पुढची सगळी भिंत तिच्यामागं जाती." मी खुर्चीत बसून वही तपासत होतो. 'आउट ऑफ लाइन' या प्रयोगाचा अर्थ मी तोवर पोरांना "अयोग्य, उद्धट" असा लिहून द्यायचो. त्या दिवशी तो अर्थ डोळ्यांनी बघितला. दोरीच्या बाहेर आलेली वीट. सभेत पाहुण्यांना वेडंवाकडं बोलणाऱ्याला इंग्रजीत 'यू आर आउट ऑफ लाइन' म्हणतात ते यामुळं. 'ब्रिंग इन्टू लाइन' म्हणजे ती वीट ठोकून परत दोरीत आणणं. मराठीत काय म्हणतो आपण? सुतासारखा सरळ केला.

बघ, सूत. इंग्रजांच्या दोरीनं जो प्रवास केला तोच आपल्या दोरीनंही केला आहे. सूत्र म्हणजे मूळचा शिवायचा दोरा. त्यावरून गणिताचं सूत्र, पाणिनीची सूत्रं, नाटकाचा सूत्रधार, मंगळसूत्र आणि पेपरातली 'विश्वसनीय सूत्रं'. दोघांचं सूत जुळतं, सुतावरून कुणी स्वर्ग गाठतो. सुताराच्या पट्टीवर तर इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. हे सगळे अर्थ तू कधी पाठ केलेस? नाही ना. दोरा माहीत होता, बाकीचं कानावरून गेलं. लाइनचंही तसंच होऊ दे.

दोरीची कामं कोणती ते मनात धर. ती दोन टोकं जोडते. ती सरळ असते. तिच्या कडेनं वस्तू मांडता येतात. ती अलीकडचं आणि पलीकडचं वेगळं करते. आणि ती लांबत जाते. लाइनचा कोणताही अर्थ घे, यातल्या कुठल्या तरी कामाशी नेऊन भिडव. टेलिफोनची लाइन, वाळत घालायच्या कपड्यांची लाइन, मासे धरायची लाइन ही तर साक्षात दोरीच आहे. 'हुक, लाइन अँड सिंकर' म्हणजे गळ, दोरी आणि शिशाचा गोळा, सगळं गिळणारा मासा. थापेवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्याबद्दल वापरतात. आपण म्हणतो गळाला लागला. इंग्रजांचा मासा जास्त हावरा, दोरीसकट गिळतो.

2016चा उन्हाळा तुला अर्धवट आठवत असेल. लातुरात प्यायला पाणी नव्हतं. पाणी भरण्याच्या जागी भांडणं होतील म्हणून जमावबंदी लावली होती. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मी वर्गात पोरांना म्हणालो, या एका बातमीत लाइन किती वेळा येते ते मोजा. पाणी आलं रेल्वेलाइननं. वाघिणीतून उतरवलं पाइपलाइननं. आम्ही घागरी घेऊन उभे राहिलो लाइनीत. पेपरात ती बातमी झाली हेडलाइन. आणि पाणी देण्याबाबत अधिकारी कोणत्या गाइडलाइन पाळतात यावर पारावर चर्चा. पाच लाइनी, एक दोरी. पहिली दोन टोकं जोडणारी, दुसरी वाहून नेणारी, तिसरी कडेनं मांडलेली, चौथी पानावर आडवी ताणलेली, पाचवी कुठून चालायचं ते दाखवणारी. रेल्वेचं नाव निघालंच आहे तर, लातूरला रेल्वे आली 1911 साली ती बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद लाइन. म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून तिची आठवण निघते.

एक गंमत. रांगेला 'लाइन' म्हणणं ही अमेरिकेची सवय. ज्या इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं ते रांगेला 'क्यू' म्हणतात. रेशन दुकानापासून दवाखान्यापर्यंत आपण मात्र लाइनच लावतो. क्यू आपल्याकडं रुजला नाही, आणि त्याचं स्पेलिंग बघता बरंच झालं.

आता तुझं वाक्य. 'ड्रॉ द लाइन' मध्ये दोरीचं चौथं काम आहे, अलीकडचं-पलीकडचं. 'शी ड्रॉज द लाइन ॲट लाइंग' म्हणजे बाकी सगळं ती चालवून घेईल, पण खोटं बोलायची वेळ आली की तिथं बांध. याच्या पुढं नाही. मराठीत लगेच लक्ष्मणरेषा आठवते, पण फरक बघ. लक्ष्मणरेषा दुसऱ्यानं आखून दिलेली. ड्रॉ द लाइनमधली रेघ माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या पायापुढं स्वतःच ओढतो. म्हणून उताऱ्यात त्या बाईचा स्वभाव विचारला असेल तर 'तत्त्वाची' हे उत्तर, 'धाकात राहणारी' हे नव्हे. तुझे दोन्ही प्रश्न बहुधा इथंच गेले.

याच कुळातला आणखी एक शब्द तू रोज वापरतेस. डेडलाइन. फॉर्म भरायची शेवटची तारीख. यातलं 'डेड' उगाच आलेलं नाही. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. 1864 साली जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथं पकडलेल्या सैनिकांची उघड्यावरची छावणी होती. भोवती उंच लाकडी भिंत, आणि भिंतीच्या आत सुमारे 19 फुटांवर बुटक्या खांबांवर ठोकलेल्या फळ्यांची एक रेघ. त्या रेघेच्या पलीकडं ज्याचं पाऊल पडलं त्याला मचाणावरचा पहारेकरी गोळी घालायचा. तीच डेडलाइन. सुमारे 45 हजार कैदी त्या छावणीतून गेले, त्यातले जवळपास 13 हजार उपासमारीनं, रोगराईनं तिथंच मेले. छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याला युद्ध संपल्यावर, 10 नोव्हेंबर 1865 रोजी फाशी दिली. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत, या वेळेनंतर आलेली बातमी मेली, अशा अर्थानं तो शब्द शिरला. तिथून तो आपल्या फॉर्मवर आला. वर्गात ही गोष्ट सांगितल्यापासून माझ्या पोरांनी गृहपाठाची डेडलाइन चुकवायचं थांबवलं असं मी म्हणणार नाही. शब्दाचा अर्थ मात्र एकही जण विसरला नाही.

देशांच्या सीमांवर लाइन येते तेव्हाही हेच चौथं काम. 1893ची अफगाणिस्तानलगतची ड्युरँड, 1947ची भारत-पाकिस्तान फाळणीची रॅडक्लिफ. काश्मीरमधल्या युद्धबंदी रेषेला 1972च्या सिमला करारानंतर 'लाइन ऑफ कंट्रोल' म्हणू लागले. मराठी पेपर तिला ताबारेषा म्हणतात. चांगला शब्द आहे, मला तो मूळ शब्दापेक्षाही नेमका वाटतो.

क्रिकेटवर फार वेळ घालवत नाही, तुझे भाऊ सांगतील. एवढंच बघ, 'लाइन अँड लेंग्थ'ला मराठी समालोचक 'दिशा आणि टप्पा' म्हणतात. लाइनचा अर्थ इथं दिशा! ज्यानं प्रथम हा शब्द योजला त्यानं रेषा, ओळ, रांग हे तिन्ही सोडून बरोबर चौथा उचलला. भाषांतर करावं तर असं.

भाषांतर घसरलं कुठं तेही सांगतो, कारण परीक्षेत नेमकं तेच विचारतात. 'एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग' याचं मराठी आपण करतो 'काळ्या ढगाला रुपेरी किनार'. लायनिंग म्हणजे किनार नाही, अस्तर. कोटाला आतून लिननचं कापड लावायचे, म्हणून आतून कापड लावण्याच्या क्रियेलाही 'लाइन' हेच क्रियापद मिळालं. कोशात ते वेगळ्या नोंदीत सापडेल, जवस मात्र तेच. मूळ कल्पना अशी की ढग बाहेरून काळा, आतून चांदीचं अस्तर. मराठी माणसानं त्याचा काठ केला. पैठणच्या मागावर जरीचा काठ बघणाऱ्या लोकांना चांदी दिसली की ती काठालाच दिसणार. ढगाआडून ऊन येतं तेव्हा कडाच चमकते, त्यामुळं मराठी म्हण वापरायला मला काही अडचण नाही. फक्त 'शी लाइन्ड द बॉक्स विथ पेपर' असं वाक्य आलं की तिनं खोक्याला किनार लावली असं लिहू नकोस. आतून कागद लावला. 'लाइन वन्स पॉकेट्स' म्हणजे खिशाला नोटांचं अस्तर लावणं. गुत्तेदारांच्या बातम्यांत भेटेल.

दोरी कळली तरी एक अडचण उरते. वाक्यात तिचं कोणतं काम चालू आहे हे ओळखायचं कसं? शब्दाकडं टक लावून उपयोग नाही, शेजारी बघायचे. लाइनच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, 'द' आहे का, अनेकवचन आहे का. 'इन लाइन विथ' म्हणजे एखाद्या गोष्टीला धरून, सुसंगत. तेच 'इन लाइन फॉर' झालं की पद किंवा बढती मिळण्याच्या वाटेवर. 'इन द लाइन ऑफ ड्यूटी' म्हणजे कर्तव्य बजावताना, पोलिसांच्या बातमीत हमखास. एका 'फॉर'नं आणि एका 'ऑफ'नं अर्थ कुठल्या कुठं गेला बघ. 'ऑन द लाइन' मात्र दुटप्पी आहे. माणूस 'ऑन द लाइन' असेल तर फोनवर आहे, नोकरी किंवा अब्रू 'ऑन द लाइन' असेल तर पणाला लागली आहे. 'डाउन द लाइन' म्हणजे पुढं कधीतरी. 'अलाँग द लाइन्स ऑफ' म्हणजे धर्तीवर. अनेकवचनी 'लाइन्स' नटाच्या तोंडी असतील तर संवाद, 'बिट्वीन द लाइन्स' असतील तर न लिहिलेला मजकूर. 'टो द लाइन' मध्ये टो म्हणजे पायाचं बोट, आखलेल्या रेघेला बोटं लावून उभं राहणं, म्हणजे निमूटपणे आदेश पाळणं. आमदारांच्या संदर्भात फार वापरतात. याचं स्पेलिंग ओढण्याच्या 'टो'सारखं लिहिणारे मोठमोठे लोक मी पाहिलेत. तू लिहू नकोस.

शेजारी न बघितल्याचा दंड मी स्वतः भरलेला आहे. नोकरी लागायच्या आधीची गोष्ट. हैदराबादला एका संस्थेत मुलाखतीची तारीख विचारायला एसटीडी बूथवरून फोन लावला. पलीकडून बाई म्हणाल्या, "होल्ड द लाइन, प्लीज." मी बी.ए. इंग्रजी. मला वाटलं, लाइनीत थांबा म्हणतात, म्हणजे नंतर करा. "थँक यू मॅडम" म्हणून फोन ठेवला, बूथवाल्यानं पट्टी फाडून दिली, पैसे मोजले. पंधरा मिनिटांनी परत लावला. परत तेच ऐकलं, परत ठेवला. तिसऱ्या वेळी बूथवाला, दहावी नापास मुलगा, म्हणाला, "सर, ते थांबा म्हणतेत, ठेवू नका म्हणतेत." लाइन होल्ड करायची म्हणजे दोरीचं आपल्याकडचं टोक सोडायचं नाही. त्याला व्याकरण येत नव्हतं, पण दिवसभर टोक धरून बसलेली माणसं तो बघत होता.

उलटीकडूनही एक फसगत होते, आणि आपल्या भागातल्या मुलांची जास्त होते. आपण लाइन हा शब्द इंग्रजीतून घेतला आणि त्याला घरचे अर्थ दिले. दहावीनंतर पोरगी 'सायन्सची लाइन' घेते. 'चांगल्या लाइनीला लागला' म्हणजे कामधंद्याला लागला. चौकात उभं राहून पोरं 'लाइन मारतात'. पोलिसांची घरं जिथं ओळीनं आहेत ती 'पोलीस लाइन', ही मात्र इंग्रज सैन्याच्या तंबूंच्या ओळींवरून आलेली, अस्सल. आणि तुझ्या आजोबांची लाइन. शब्दानं घर बदललं की असं होतंच. बीडकडं 'कोयता' हा ऊस तोडायचं हत्यारही असतो आणि मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडीही. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. कोणत्या कोशातून शिकतात ती माणसं हे?

हे घरचे अर्थ मराठीत अगदी बरोबर. अडचण येते ते परत इंग्रजीत पाठवताना. 'आय टुक सायन्स लाइन' असं लिहू नकोस, तिथं 'स्ट्रीम' चालतो. 'लाइन ऑफ वर्क' मात्र इंग्रजीतही आहे, म्हणजे 'कोणत्या लाइनीत आहात' हा आपल्याकडचा प्रश्न तिकडं जसाच्या तसा समजेल. 'लाइन मारणे' शब्दशः नेलं तर इंग्रज बुचकळ्यात पडेल, त्याच्याकडं 'फ्लर्ट' आहे. 'द लाइन हॅज गॉन' हे वीज गेल्यावर म्हणालीस तर त्याला फोन बंद पडला असं वाटेल. वीज गेली तर 'द पॉवर इज आउट'.

वही करायची असेल तर अशी कर. अर्थांची यादी लिहू नकोस. लाइन आलेलं अख्खं वाक्य उतरव, लाइनच्या शेजारच्या शब्दांखाली रेघ मार, आणि समोर दोरीचं काम लिही: जोडते, सरळ धरते, मांडते, अडवते, लांबते. आठवड्याला पाच वाक्यं पुरेत. सुरुवातीला ही तीन घे: 'हिज जॉब इज ऑन द लाइन.' 'शी कम्स फ्रॉम अ लाँग लाइन ऑफ टीचर्स.' 'ड्रॉप मी अ लाइन व्हेन यू रीच पुणे.' पहिलं वर सांगून झालं. दुसऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या लांबत गेलेली दोरी आहे, जिथं आपण वंशवेल म्हणतो. त्यांचं घराणं दोरीसारखं, आपलं वेलीसारखं, फांद्या फुटणारं. तिसऱ्यातली लाइन कसली ते तू मला लिहून कळव. एका ओळीत कळवलंस तर उत्तर त्यातच येईल.

आता थांबतो. औशाकडं आमचं चार एकर आहे, आणि या आठवड्यात रात्रीची लाइन आहे. बाराला येते, हरभऱ्याला पाणी द्यायचंय.